युरोपचे ट्रक अमेरिकेत चालतील का? (पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा)

लहानपणी ट्रान्सफॉर्मर्स बघितलेल्यांना ऑप्टिमस प्राइम आठवत असेल. १९८४ च्या कार्टूनमध्ये तो चपट्या तोंडाचा लाल ट्रक होता. २००७ च्या सिनेमात तोच ऑप्टिमस लांब नाकाचा पीटरबिल्ट होऊन आला. बऱ्याच जणांना वाटलं, दिग्दर्शकाला दणकट दिसणारा हिरो हवा होता म्हणून नाक लावलं. असेलही. पण मधल्या वर्षांत अमेरिकेच्या हायवेवर खरोखरच हेच झालं होतं. चपट्या तोंडाचे ट्रक गेले, नाकाचे आले. आणि ते कुणाच्या आवडीमुळे नाही, एका कायद्यामुळे.

हे आठवायचं कारण म्हणजे सध्या रील्सवर चालणारा एक ठरलेला वाद. एका बाजूला स्कॅनिया किंवा व्होल्वोचा ट्रक इटलीतल्या एखाद्या बोळासारख्या रस्त्यावर अलगद वळताना दाखवतात. दुसऱ्या बाजूला केनवर्थ किंवा फ्रेटलायनर चौकात अडकलेला. खाली लिहिलेलं असतं, "अमेरिका अजून १९५० मध्येच". मग अमेरिकावाले चिडतात, "आमचा ट्रक म्हणजे घर आहे, तुमचा म्हणजे फोन बूथ". आपली मंडळीसुद्धा यात हिरिरीने उतरतात. चाकणचा पोरगा स्कॅनियाच्या बाजूने, न्यू जर्सीतला मित्र पीटरबिल्टच्या बाजूने. भांडण जोरात, माहिती कमी.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथेच थांबू शकतील. लांब पल्ल्याच्या अमेरिकन गिऱ्हाइकाला युरोपचा ट्रक आहे तसा परवडणार नाही, आणि त्याचं न घेणं हा मूर्खपणा नाही. शहरात माल पोचवणाऱ्या अमेरिकन गिऱ्हाइकाने मात्र तो घ्यायला हवा, आणि तो घेत नाही ही खरी काळजीची गोष्ट आहे. कारण तिथे प्रश्न मायलेजचा नाही, रस्ता ओलांडणाऱ्या माणसांचा आहे.

आता सविस्तर.

युरोपचा ट्रक चपटा का आहे? तिथल्या कंपन्यांना चपटं तोंड देखणं वाटतं म्हणून नाही. युरोपियन युनियनमध्ये ट्रॅक्टर (शेतातला नव्हे, ट्रेलर ओढणारं पुढचं डोकं) आणि ट्रेलर मिळून साधारणपणे जास्तीत जास्त १६.५ मीटर लांबी चालते. पूर्ण लांबी मोजली जाते, अगदी पुढच्या बंपरपासून मागच्या दिव्यापर्यंत. मालक भाडं मिळवतो ट्रेलरमधल्या मालाचं. मग पुढच्या डोक्यात वाया जाणारा प्रत्येक फूट म्हणजे बुडालेलं भाडं. साहजिकच ड्रायव्हरला उचलून इंजिनाच्या डोक्यावर बसवलं आणि मागे १३.६ मीटरचा ट्रेलर जोडला. १६.५ मीटरमध्ये काम बसलं.

अमेरिकेतही एकेकाळी असंच होतं. प्रत्येक राज्याची स्वतःची लांबीची मर्यादा होती आणि ती पूर्ण गाडीला लागू होती. म्हणून साठ-सत्तरच्या दशकांत तिथल्या हायवेवर चपट्या तोंडाचे फ्रेटलायनर, केनवर्थ, पीटरबिल्ट, मॅक भरपूर दिसायचे. म्हणजे "अमेरिकन माणसाला नाकाशिवाय ट्रक आवडतच नाही" हे साफ खोटं आहे. वीस-पंचवीस वर्षं त्यांनी तेच चालवले.

मग आला १९८२ चा सरफेस ट्रान्सपोर्टेशन असिस्टन्स ॲक्ट. जानेवारी १९८३ मध्ये रेगन यांनी त्यावर सही केली. या कायद्याने राज्यांना सांगितलं की राष्ट्रीय मार्गांच्या जाळ्यावर ट्रॅक्टर-ट्रेलरच्या एकूण लांबीवर मर्यादा घालता येणार नाही. मर्यादा घालायची तर फक्त ट्रेलरवर घाला, आणि तीही ४८ फुटांपेक्षा कमी नको. पुढे ५३ फुटांचा ट्रेलर, म्हणजे साधारण १६.१५ मीटर, हाच नेहमीचा झाला. नीट बघा, युरोपात अख्खी गाडी जेवढी लांब असते तेवढा तिथे नुसता ट्रेलर आहे.

त्या एका कलमाने पुढच्या डोक्याची लांबी फुकट झाली. फुकट जागा मिळाल्यावर कोण सोडणार? ड्रायव्हर इंजिनाच्या डोक्यावरून खाली, मागे आला. पुढे बॉनेट आलं, मागे झोपायची मोठी खोली आली. दोन दशकांत चपटे ट्रक लांब पल्ल्यावरून जवळजवळ नाहीसे झाले. फ्रेटलायनरने नव्वदच्या दशकाच्या शेवटी आर्गोसी नावाचा खूप चांगला चपटा ट्रक आणून बघितला. चढायला सोपं जावं म्हणून दरवाजाबरोबर बाहेर येणारा जिनासुद्धा दिला होता. २००६ मध्ये अमेरिकेतली विक्री थांबवली. पण तोच आर्गोसी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेत त्यानंतरही कितीतरी वर्षं विकला गेला. ट्रक तोच, कंपनी तीच. फरक लांबीच्या नियमाचा.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. तिथे दोन ट्रेलर जोडलेल्या बी-डबल गाडीला २६ मीटरची एकूण मर्यादा आहे. त्या मर्यादेत जास्तीत जास्त माल बसवायचा म्हणून केनवर्थ, म्हणजे अस्सल अमेरिकन कंपनी, तिथे आजही चपट्या तोंडाचा ट्रक बनवते. मेलबर्नजवळ बेजवॉटरला कारखाना आहे. अमेरिकेत मात्र हीच केनवर्थ लांब पल्ल्यासाठी नाकाचे ट्रक विकते. तेव्हा अमेरिकन कंपनीला चपटा ट्रक बनवता येत नाही हाही गैरसमज काढून टाका.

आता वजनाकडे येऊ, कारण रील्सवाले याबद्दल कधीच बोलत नाहीत. युरोपात साधारण गाडी ४० टनांची. पुढच्या डोक्याला दोनच ॲक्सल, मागे ट्रेलरला तीन. मागच्या चालत्या ॲक्सलवर ११.५ टनांपर्यंत वजन चालतं. अमेरिकेत इंटरस्टेटवर एकूण मर्यादा ८०,००० पौंड, म्हणजे ३६.३ टन. आणि एका ॲक्सलवर फक्त २०,००० पौंड, म्हणजे ९ टनांच्या आसपास. जोड-ॲक्सलवर ३४,००० पौंड. शिवाय दोन ॲक्सलमधलं अंतर किती त्यावरून किती वजन चालेल हे सांगणारं पुलांचं सूत्र १९७४ च्या कायद्यापासून लागू आहे. थोड्या जागेत जास्त वजन आलं की पूल थकतात, म्हणून वजन पसरवा, असा त्याचा अर्थ.

आता हिशेब करा. अमेरिकन गाडी: पुढे १२,०००, ट्रॅक्टरच्या जोड-ॲक्सलवर ३४,०००, ट्रेलरच्या जोड-ॲक्सलवर ३४,०००. बेरीज बरोबर ८०,०००. आता तिथल्याच ट्रेलरपुढे युरोपचा दोन ॲक्सलचा ट्रॅक्टर लावा. पुढे १२,०००, मागे २०,०००, ट्रेलरवर ३४,०००. बेरीज ६६,०००. म्हणजे १४,००० पौंड, सहा टनांहून जास्त, कायद्यानेच गेले. डोकं थोडं हलकं असतं, त्यातला काही भाग भरून येईल, पण सगळा नाही. वजनाचा माल नेणारा कुठला मालक हे मान्य करेल? युरोपियन कंपन्या तीन ॲक्सलचे ट्रॅक्टरही बनवतात, ते लावता येतात. पण मग गाडी लांब होते, जड होते, आणि रीलमध्ये बोळात वळणारा तो सुटसुटीत ट्रक उरत नाही.

किरकोळ वाटणाऱ्या पण डोकेदुखीच्या गोष्टी वेगळ्याच. युरोपच्या ट्रकची वीज २४ व्होल्टची, अमेरिकेची १२ व्होल्टची. ट्रेलरला जोडायच्या तारा आणि ब्रेकची इलेक्ट्रॉनिक भाषा वेगळी. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांकडे हजारो ट्रेलर असतात, कुठलाही ट्रॅक्टर कुठल्याही ट्रेलरला लागला पाहिजे हे त्यांच्या धंद्याचं पहिलं गणित. त्यात दिवे, ब्रेक, काचा यांचे नियम वेगळे, धुराचं प्रमाणपत्र वेगळं. युरो ६ पास झालेलं इंजिन अमेरिकेच्या ईपीएसमोर पुन्हा परीक्षेला बसतं.

वेगाचं काय? युरोपात जड ट्रकला ९० च्या आसपास वेगमर्यादक लावणं सक्तीचं आहे. अमेरिकेत देशभर लागू असा मर्यादक नाही, आणि पश्चिमेकडच्या बऱ्याच राज्यांत ट्रक ताशी १०५ ते १२० किमीने जातात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८५ वरून १०५ वर गेलात तर विरोध दीडपट होतो. मग पुढे निमुळतं नाक असणं हा शौक राहत नाही, डिझेलचा प्रश्न होतो. आजचा फ्रेटलायनर कॅस्केडिया किंवा व्होल्वो व्हीएनएल बघा. ते जुने चौकोनी नाकाचे, क्रोम लावलेले ट्रक नाहीत. नाक उतरतं आहे, काच तिरपी आहे. ज्यांना वाटतं अमेरिकन ट्रक म्हणजे हवेत भिंत ढकलणं, त्यांनी एकदा नवीन ट्रक बाजूने बघावा.

आता ड्रायव्हरकडे येऊ, कारण शेवटी त्यात तो राहतो. "राहतो" हा शब्द मुद्दाम वापरला. अमेरिकेत लांब पल्ल्याचा ड्रायव्हर दोन-दोन, तीन-तीन आठवडे घराबाहेर असतो. बहुतेकांना पगार मैलाप्रमाणे. १४ तासांच्या खिडकीत ११ तास गाडी चालवायची मुभा. १९३८ च्या कामगार कायद्यातल्या ओव्हरटाइमच्या हक्कातून त्यातले बहुतेक वगळलेले. गोदामात चार तास थांबायला लागलं तरी चाक फिरलं नाही तर बऱ्याचदा पैसा नाही. अशा माणसाला मागे फ्रीज, बेड, उभं राहून कपडे बदलता येतील एवढी जागा मिळते ती त्या लांब केबिनमुळे. ती काढून घ्या म्हणणं सोपं आहे, रात्री तिथे झोपायचं आपल्याला नसतं.

युरोपात ड्रायव्हरचे दिवसाचे तास ९, आठवड्यातून दोनदा १०. साडेचार तासांनी ४५ मिनिटांची विश्रांती. आणि आठवड्याची ४५ तासांची नियमित विश्रांती केबिनमध्ये घ्यायला मनाई आहे, ती नीट खोलीत द्यावी लागते. प्रत्यक्षात पोलंड-रोमानियातून येणाऱ्या ड्रायव्हरांना ती किती मिळते हा वेगळा विषय. पण कायद्याची कल्पना तरी अशी आहे की ट्रक हे घर नव्हे. अमेरिकन कायद्याची कल्पना अशी की ट्रक हेच घर. म्हणून केबिनही तशा झाल्या. बाकी युरोपलाही जागेची किंमत कळलेली आहे. सुरक्षितता आणि हवेचा विरोध सुधारत असेल तर केबिन थोडी लांब करायची परवानगी तिथे सप्टेंबर २०२० पासून मिळाली. त्याचा फायदा घेऊन डॅफने २०२१ मध्ये एक्सजी हा ट्रक आणला, पुढे १६ सेंटिमीटर आणि मागे ३३ सेंटिमीटर वाढवून. नियम अर्धा हात हलला, तर ट्रकही अर्धा हात हलला.

आता गंमत ऐका. ज्या डॅफबद्दल बोललो ती १९९६ पासून अमेरिकन पॅकारची आहे. पॅकार म्हणजे केनवर्थ आणि पीटरबिल्टचे मालक. उलट, फ्रेटलायनर १९८१ पासून जर्मन डाइमलरची. मॅक २००१ पासून स्वीडिश व्होल्वोकडे. इंटरनॅशनल ट्रक बनवणारी नेव्हिस्टार १ जुलै २०२१ पासून पूर्णपणे ट्रॅटनकडे, म्हणजे स्कॅनिया-मान ज्यांचे त्यांच्याकडे. अमेरिकन रस्त्यावर सगळ्यात जास्त खपणारा फ्रेटलायनर जर्मन मालकीचा आहे. त्याचं डेट्रॉइट डीडी१५ इंजिन आणि युरोपातलं मर्सिडीजचं मोठं इंजिन एकाच कुटुंबातलं. इंटरनॅशनलचं नवीन एस१३ इंजिन स्कॅनियाच्या इंजिनावर आधारलेलं. व्होल्वोचा आय-शिफ्ट गिअरबॉक्स दोन्हीकडे. क्लच न दाबता आपोआप बदलणारे हे गिअर अमेरिकेत रुळवण्यात युरोपियन कंपन्यांचा मोठा हात आहे.

तर "अमेरिकन गिऱ्हाईक युरोपचा ट्रक घेईल का" याचं एक उत्तर असं की त्याने तो कधीच घेतला. इंजिन घेतलं, गिअर घेतला, फक्त केबिन नाही घेतली. डाइमलरकडे ॲक्ट्रॉसही आहे आणि कॅस्केडियाही. व्होल्वोकडे एफएच आहे आणि व्हीएनएलही. ॲक्ट्रॉस अमेरिकेत खपला असता तर दोन-दोन केबिनचा खर्च कंपनीने हौसेने केला असता का?

यात पुण्याचाही वाटा आहे बरं का. मुंढव्याची भारत फोर्ज वर्षानुवर्षं उत्तर अमेरिकेतल्या जड ट्रकांसाठी फ्रंट ॲक्सल बीम आणि क्रँकशाफ्ट पाठवते. तिकडे ट्रकच्या ऑर्डरी घटल्या की इकडे शेअर बाजारात तिचं नाव चर्चेत येतं ते त्यामुळे. १ नोव्हेंबर २०२५ पासून अमेरिकेने आयात जड ट्रक आणि त्यांच्या भागांवर २५ टक्के शुल्क लावलं. म्हणजे युरोपातून तयार ट्रक बोटीत घालून पाठवायचा विचार आता आणखी दूर गेला. विकायचा तर तिथेच बनवा, आणि तिथे बनवायचा तर हजारोंनी खपला पाहिजे.

तरी एकाने प्रयत्न केला. निकोला कंपनीने इटलीच्या इव्हेको एस-वे या चपट्या ट्रकवर आधारित निकोला ट्रे बनवला. ॲरिझोनात कूलिज गावी कारखाना काढला, आधी बॅटरीचा ट्रक, मग हायड्रोजनचा. पहिले ट्रक लॉस एंजेलिस-लाँग बीच बंदराजवळच्या वाहतुकीत गेले. म्हणजे युरोपची केबिन, अमेरिकन गिऱ्हाईक, अमेरिकन रस्ता, अगदी आपल्या प्रश्नाचीच परीक्षा. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. पण का गेली ते बघा. संस्थापकावर गुंतवणूकदारांना फसवल्याचा गुन्हा सिद्ध झाला (पुढे त्याला राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली), २०२३ मध्ये आगीनंतर बॅटरीचे ट्रक परत बोलवावे लागले, हायड्रोजन महाग, पैसा संपला. चपट्या तोंडामुळे ती बुडाली असं म्हणायला आधार नाही.

आता माझ्या खऱ्या मुद्द्यावर येतो. आतापर्यंत मी अमेरिकन गिऱ्हाइकाची बाजू मांडली, कारण आयोवा ते नेवाडा जाणाऱ्या माणसासाठी ती बरोबर आहे. पण सगळे ट्रक आयोवा ते नेवाडा जात नाहीत. सिमेंट, किराणा, फर्निचर, बांधकामाचा माल घेऊन हजारो जड ट्रक ब्रुकलिन, शिकागो, बॉस्टन, टोरांटोच्या चौकात वळतात. तिथे झोपायची खोली नको, तिथे ताशी १०५ चा वेग नाही. आणि तिथे ड्रायव्हरच्या पुढे छातीएवढं उंच बॉनेट आहे, ज्याच्या पलीकडे उभं असलेलं लहान मूल त्याला थेट दिसत नाही. आरसा आणि कॅमेरा आहेत, पण लंडनसाठी झालेल्या अभ्यासात असं दिसलं की काचेतून थेट दिसण्यापेक्षा आरसा-कॅमेऱ्यातून बघितल्यावर ड्रायव्हरची प्रतिक्रिया सरासरी ०.७ सेकंद उशिरा येते. ताशी २५ किमी वेगात तेवढ्या वेळात ट्रक जवळपास पाच मीटर पुढे जातो. पाच मीटर म्हणजे अख्खा झेब्रा क्रॉसिंग.

अमेरिकेत २००९ मध्ये सुमारे ४,१०० पादचारी रस्त्यावर मेले. २०२२ मध्ये साडेसात हजारांवर. हे सगळे ट्रकखाली गेले असं मी म्हणत नाही, त्यात मोटारी आणि पिकअपच बहुतेक. पण समोरचं उंच बॉनेट हा धोका पिकअपमध्ये असेल तर त्याहून मोठ्या ट्रकमध्ये तो नाहीसा होत नाही.

"पण चपटा ट्रक अमेरिकन शहराला चालणार नाही" असं कुणी म्हणालं तर त्याला पहाटे रस्त्यावर येणारी कचऱ्याची गाडी दाखवा. मॅक एलआर, पीटरबिल्ट ५२०, ऑटोकार, या सगळ्या चपट्या तोंडाच्या, खाली बसकी केबिन, पुढे मोठी काच. अमेरिकन कंपन्याच बनवतात, अमेरिकन नगरपालिकाच घेतात. कारण गल्लीत वळायचं असतं आणि समोरचा माणूस दिसावा लागतो. इसुझूचे छोटे चपटे ट्रकही तिथे वर्षानुवर्षं खपतात. म्हणजे यंत्र आहे, सर्व्हिस आहे, ड्रायव्हरला सवय आहे. अडतं कुठे?

न्यूयॉर्क शहर बघा. तिथल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रेलरला एकूण ५५ फुटांची मर्यादा आहे, काही ठरावीक हायवे सोडले तर ५३ फुटी ट्रेलरला परवानगी नाही. ५५ फूट म्हणजे १६.७६ मीटर. युरोपची मर्यादा १६.५. आहे की नाही गंमत? न्यूयॉर्कमध्ये कागदावर युरोपचाच नियम आहे, तरी युरोपचा ट्रक नाही. कारण ५३ फुटी ट्रेलर शहरात सर्रास शिरतात अशी रहिवाशांची जुनी तक्रार आहे. नियम पाळायला लावला तरच लांबीची किंमत लागते. नाही लावला तर मालक हायवेवरचीच गाडी शहरात आणतो, कारण त्याला एकच प्रकारचा ट्रक ठेवणं स्वस्त पडतं आणि पाच वर्षांनी तो विकताना नाकाच्या ट्रकला गिऱ्हाईक पटकन मिळतं.

आणि इथे मी "बाजाराने निर्णय दिला आहे" म्हणणाऱ्यांशी असहमत आहे. बाजार हिशेब करतो डिझेलचा, टनांचा, रिसेलचा. बॉनेटपुढच्या माणसाचा रकाना त्या वहीत नसतो. तो रकाना सरकारने घालावा लागतो. लंडनने घातला. ड्रायव्हरला थेट किती दिसतं यावरून १२ टनांवरच्या ट्रकला शून्य ते पाच तारे. मार्च २०२१ पासून शून्य तारेवाल्याला जादा सुरक्षा साधनं बसवल्याशिवाय परवाना बंद झाला. ऑक्टोबर २०२४ पासून तीन ताऱ्यांच्या आतल्या सगळ्यांनाच ही साधनं लागू. बघता बघता कंपन्यांनी खालची केबिन, दरवाजात काच, अशी मॉडेलं पुढे आणली. त्यांना अचानक दयाबुद्धी सुचली नाही. लंडनमध्ये माल पोचवायचा तर दुसरा रस्ता उरला नाही.

आपल्याकडेही वेगळं काय झालं? ट्रक ड्रायव्हरला एसी केबिन द्या, हे किती वर्षं नुसतं बोललं जात होतं. २०२५ मध्ये नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना ते सक्तीचं झालं तेव्हाच झालं. त्याआधी मालक म्हणायचे, "ड्रायव्हर झोपेल", "डिझेल जास्त जाईल". म्हणजे वहीत रकानाच नव्हता.

तेव्हा माझा निष्कर्ष असा. इंटरस्टेटवर नाकाचा ट्रक राहू द्या. तिथे तो शहाणपणाचा आहे, आणि त्यातल्या ड्रायव्हरला आधी वाट बघण्याच्या तासांचे पैसे द्या, केबिनच्या आकाराची चर्चा मग करा. पण शहराच्या हद्दीत, जिथे माणसं चालतात, तिथे अमेरिकन आणि कॅनेडियन नगरपालिकांनी लंडनसारखा थेट दिसण्याचा नियम आणावा, आधी स्वतःच्या आणि स्वतःच्या कंत्राटदारांच्या ट्रकपासून सुरुवात करावी. आणि ५५ फूट लिहिलं असेल तर ५५ मोजावं. एवढं झालं की डाइमलर, व्होल्वो, ट्रॅटन, पॅकार या चौघांनाही काही नवीन शोधायला लागणार नाही. चौघांच्याही कपाटात चपटी केबिन तयार आहे.

म्हणून पुढच्या वेळी ते रील आलं आणि कुणी विचारलं, "युरोपचा ट्रक भारी की अमेरिकेचा?", तर उलट विचारा, "कुठल्या रस्त्यावर? आणि समोर कोण चालतंय?"

अमेरिका-कॅनडात ट्रक चालवणारे किंवा फ्लीट सांभाळणारे कुणी यादीत असतील तर जरूर लिहा. विशेषतः शहरात डिलिव्हरी करणाऱ्यांनी. चूक असेल तर दुरुस्त करीन.